‘राजी’: इथे चित्रच गोष्ट सांगतं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (2020) पूर्ण खेळून झाल्यावर एक मत ठाम झालं: यातली चित्रकला ही सजावट नाही, गोष्ट सांगायचं कामच तिच्याकडे आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत राजी निघते. कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि उंचावर. त्यामुळे राजस्थानी धाटणीच्या महालांपुढे ती एवढीशी दिसते आणि संकट केवढं आहे ते शब्दांविना कळतं. रंगकामावर पहाडी लघुचित्रांची छाप आहे. भित्तिचित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू पुराणकथा ऐकवतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. प्रेरणा बाली बेटाची, पण आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामडी बाहुल्यांचा खेळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

‘दिसायला सुंदर, पण लढाई तीच ती’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. शत्रू पुन्हापुन्हा तेच येतात, हे मान्य. पण राजी भिंतीवर धावत चढते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. म्हणजे वास्तुकलाच तिचं हत्यार होते. शेवट मात्र अर्धवट तोडल्यासारखा आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. तरीही ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात मिळालेलं नामांकन रास्तच होतं. गेमवेड्यांनो, 2022च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादही आहेत. इंग्रजीची सबब सोडा, खेळून बघा!