पावसाचे पाणी जाते कुठे?

२६ जुलै २००५ चा दिवस. मुंबईत दुपारी पावसाचा जोर वाढला आणि पाहता पाहता रस्त्यांच्या नद्या झाल्या. रेल्वेगाड्या थांबल्या. हजारो माणसे कचेऱ्यांत, शाळांत आणि बसगाड्यांत रात्रभर अडकून पडली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वर्षभरात पडणाऱ्या सरासरी पावसाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाऊस एकाच दिवसात! मिठी नदीचे पाणी कुर्ल्यासारख्या वस्त्यांत शिरले. शेकडो लोकांचे प्राण गेले.

पाऊस फार पडला, हे खरे. पण तेवढे एकच कारण नव्हते.

मुंबई मुळात सात बेटांची. बेटांमधील खाड्या बुजवून हे शहर वाढले. त्यामुळे शहराचा बराच भाग सखल, म्हणजे खोलगट आहे. पावसाचे पाणी गटारांतून आणि नाल्यांतून समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी ते सहज वाहून जाते. भरतीच्या वेळी मात्र समुद्राची पातळी वाढते. मग पाणी बाहेर पडत नाही. उलट समुद्राचेच पाणी नाल्यात शिरते. त्या दिवशीही ऐन पावसात भरती आली होती.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी साचते. तुमच्या शाळेचे मैदान १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे, असे समजा. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सव्वा लाख लिटर पाणी जमा होईल. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती. त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे धरले होते. पुढे मोकळ्या जमिनीवर इमारती आणि सिमेंटचे रस्ते झाले. पाणी मुरायला जागा उरली नाही.

म्हणून १९९३ साली महानगरपालिकेसाठी एक मोठी योजना तयार झाली. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातील सर्व पाणी वाहत येईल, असे तिच्यात धरले होते. म्हणजे गटारांतून पूर्वीच्या चौपट पाणी वाहून न्यायचे होते. परंतु बारा वर्षांत त्यातील थोडीच कामे झाली. २००५ च्या पुरानंतर डॉ. माधव चितळे यांच्या समितीने पुराची कारणे तपासली. त्यानंतर कामांना वेग आला. नाले रुंद केले गेले. हाजी अली, इर्ला, गझदरबंध अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली गेली. भरतीच्या वेळी तेथे नाल्याच्या मुखाचे दरवाजे बंद करतात आणि मोठे पंप शहरातील पाणी उपसून समुद्रात सोडतात. हिंदमाता परिसरातील पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टाक्याही बांधल्या आहेत.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. २६ जुलैला काही वेळा तासाला १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. असे सगळे पाणी एकाच वेळी वाहून नेतील, एवढी मोठी गटारे बांधणे कठीण असते. म्हणून पाण्याला थांबायला आणि मुरायलाही जागा हवी. मैदाने, तलाव आणि खाडीकाठची तिवरांची झाडे हे काम गुपचूप करत असतात. ती नष्ट केली, तर नुकसान आपलेच होते.

नाल्यात टाकलेली प्लॅस्टिकची एक पिशवी क्षुल्लक वाटते. पण अशा हजारो पिशव्या एकत्र आल्या, की नाला तुंबतो आणि सर्वांत आधी नाल्याकाठच्या गरिबांच्या घरात पाणी शिरते. योजना आखणे हे अभियंत्यांचे काम आहे. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.