दाताच्या तारेसाठी विमा काढताय? पैसे भरण्याआधी हे वाचा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली आणि कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एका ताईंनी सहा हजार मागितले. कशासाठी विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला. म्हणाल्या, "पोरीचे दात लई पुढं आलेत. शाळेत पोरं चिडवायलेत. हसताना तोंडावर हात धरती, बोलणंच कमी केलंय तिनं. एक जण म्हणला, हा दाताचा विमा काढा, तारेचा खर्च कंपनी देती."

कागदावर मोठ्या अक्षरात 'डेंटल कव्हर' असं छापलेलं होतं. मी तो वरवर चाळला आणि "चांगलं दिसतंय, काढा" म्हणून मोकळी झाले. चूक माझीच. रात्री मोबाइलवर त्या पॉलिसीचे सगळे नियम वाचले, तेव्हा समजलं की दात सरळ करण्याचा उपचार त्यात बसतच नव्हता. सकाळी उठल्या उठल्या फोन केला, "ताई, थांबा. पैसे भरू नका." नशीब, पैसे अजून गटातच होते.

असा कागद तुमच्याही दारात येऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

विमा कशाला मिळतो?

सोयाबीन पाण्याखाली गेल्यावर पीक विमा भरता येतो का? नाही. पुढे काय होईल ते माहीत नसतं, त्यासाठीच विमा असतो. दात वाकडे आहेत हे आपल्याला आणि डॉक्टरांना आधीच दिसतंय. असा ठरलेला खर्च कंपनी सहसा अंगावर घेत नाही. शिवाय तार बसवणं हा दिसण्यासाठीचा उपचार आहे, असं धरून बहुतेक पॉलिसीत तो वगळलेला असतो.

आपल्याकडे दाताच्या नावाखाली साधारण तीन गोष्टी विकल्या जातात.

पहिली, नेहमीचा आरोग्य विमा. यात दाताचा खर्च बहुधा अपघातात मार लागला आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरच मिळतो.

दुसरी, भरती न होता केलेल्या उपचारांचा म्हणजे ओपीडीचा विमा. यात तपासणी, दात काढणं, दात भरणं, रूट कॅनाल अशी कामं ठराविक रकमेपर्यंत बसू शकतात. तार मात्र क्वचितच बसते.

तिसरी, सवलतीचं कार्ड. हा विमाच नाही. ठरलेल्या दवाखान्यात बिलात थोडी सूट मिळते, एवढंच.

मोबाइलवर तारेच्या विम्याचे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेच अमेरिकेतले असतात. तिथे दाताचा वेगळा विमा मिळतो. पण तिथेही तारेचा पूर्ण खर्च सहसा मिळत नाही, त्याला रकमेची मर्यादा असते.

आपलं आयुष्मान कार्ड चालेल का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. पण हे मुख्यतः भरती होऊन करायचे मोठे उपचार आहेत. अपघातात जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर झाला, तर कार्ड कामाला येतं. तारेसाठी येत नाही. म्हणून कार्ड कपाटात टाकू नका. केवायसी राहिली असेल तर आधी ती करा. कोणता उपचार बसतो हे विचारायला 155388 हा योजनेचा नंबर आहे.

तरीही विमा घ्यायचा असेल तर हे सहा प्रश्न विचारा

1. हा विमा आहे की सवलतीचं कार्ड? कंपनीची आयआरडीएआयकडे नोंदणी आहे का?

2. 'ऑर्थोडॉन्टिक' हा शब्द कुठे आहे? दात सरळ करण्याच्या उपचाराला डॉक्टर हेच म्हणतात. तो 'काय मिळेल' या यादीत हवा. 'काय मिळणार नाही' या यादीत असेल तर विषय संपला. नुसता 'डेंटल' शब्द बघून भुलू नका.

3. किती दिवस थांबावं लागेल? याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. तेवढ्या काळात हप्ता चालू राहतो, पण त्या उपचाराचा पैसा मिळत नाही.

4. वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये मिळतील आणि त्यातले आपण किती भरायचे?

5. मुलीचं नाव पॉलिसीत आहे का? तारेसाठी वयाची अट आहे का?

6. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरातला कोणता दवाखाना चालतो?

उत्तरं तोंडी घेऊ नका. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, त्यात हे थोडक्यात लिहिलेलं असतं. ते मराठीतून मागा, तो तुमचा हक्क आहे.

हिशोब मांडून बघा

समजा हप्ता वर्षाला 6,000 आहे आणि तारेसाठी दोन वर्षं थांबायचं आहे. तिसऱ्या वर्षी उपचार सुरू होईपर्यंत तुमचे 18,000 गेले. तारेसाठी मर्यादा 10,000 आणि त्यातला निम्मा खर्च आपला, म्हणजे हातात आले 5,000. वरचे 13,000 गेले ते गेलेच. आणि मुलीची दोन वर्षं गेली, ती वेगळीच.

हेच 500 रुपये दर महिन्याला बाजूला टाकले, तर दोन वर्षांत 12,000 जमतात आणि ते आपलेच राहतात. तारेचा उपचार बहुतेक वेळा दीड-दोन वर्षं चालतो, दर महिन्याला तार घट्ट करायला जावं लागतं. त्यामुळे बरेच डॉक्टर पैसेही टप्प्याटप्प्याने घेतात. एकदम मोठं कर्ज काढण्याआधी हे विचारून घ्या.

मग पोरीला न्यायचं कुठे?

छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथे दात सरळ करण्याचा वेगळा विभाग आहे. शिकणारे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. गर्दी असते, खेपा होतात, त्यामुळे येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडणारी मजुरीही हिशोबात धरा. पहिल्याच खेपेला तीन गोष्टी विचारा: तार आत्ता लागते की थांबायचं, एकूण खर्च किती, आणि किती महिने यावं लागेल.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यात दातही बघतात. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

आणि लहान लेकरांचे दुधाचे दात किडले तर "पडणारच आहेत की" म्हणून सोडू नका. दुधाचा दात वेळेआधी काढावा लागला तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येऊ शकतो.

पैसे भरून झाले असतील तर?

घाबरू नका. आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होऊन बाकीचे पैसे मिळतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कंपनीने दाद दिली नाही, तर 155255 या नंबरवर आयआरडीएआयकडे तक्रार करता येते.

त्या ताईंनी सहा हजारांची मागणी मागे घेतली. आता त्या मुलीला घेऊन दंत महाविद्यालयात जाणार आहेत. काय खर्च निघतो ते बघून, लागेल तेवढंच कर्ज गटातून घेणार आहेत. मुलीने मला एकच विचारलं, "मॅडम, तार लावल्यावर शाळेत जाता येतं ना?" येतं बाई, रोज जाता येतं.

तुमच्याकडे असा एखादा कागद आला असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. या वेळी आपण तो शेवटच्या ओळीपर्यंत सोबत वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, बदनापूर