गिअरबॉक्स खोलण्याआधी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ताजं तेल लाल, पातळ असतं आणि त्याला फारसा वास नसतो. जळलेल्या तेलाचा वास मात्र एकदा नाकात बसला की निघत नाही. भरलेला ट्रक घाट उतरून थांबला की चाकांपाशी जो उग्र, करपट दर्प येतो त्याच जातीचा तो. दोन्हीकडे जळलेलं असतं ते घर्षणासाठी बसवलेलं अस्तर. यवतमाळकडच्या गॅरेजात एखादी दहा-बारा वर्षांची एसयूव्ही "झटके मारून राहिली भाऊ, उठूनच नाही राहिली" अशा तक्रारीवर येते, तेव्हा जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकतो आणि कागद नाकाशी नेतो. डाग लालसर राहून कडेला पसरला तर एक गोष्ट, मधोमध काळी भुकटी धरून बसला तर दुसरी, आणि दुधाळ गुलाबी दिसला तर तिसरी. पुढच्या दुरुस्तीचा अर्धा निकाल इथेच लागतो. पण या वास घेण्याचे पैसे बिलात कुठेच नसतात. बिल होतं ते खोलण्याचं आणि बदलण्याचं. माझं म्हणणं असं, की चांगले गिअरबॉक्स विनाकारण खोलले जाण्याची सुरुवात बरेचदा या हिशोबातच होते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकाच गाडीचं उदाहरण घेऊ. महिंद्राने कोरियाची सँगयाँग कंपनी 2011 मध्ये ताब्यात घेतली आणि ऑक्टोबर 2012 मध्ये चाकणला जुळवलेली रेक्स्टन इथे विकायला काढली. तिच्या वरच्या, आरएक्स 7 या प्रकारात 2.7 लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि त्यामागे मर्सिडीजच्या घराण्यातला पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याला जाणकार नुसतं 722.6 म्हणतात. पुढे सँगयाँग कर्जात बुडाली, 2022 मध्ये केजी समूहाकडे गेली, नावही बदललं. महिंद्राच्याच ऑटोमॅटिक स्कॉर्पिओची कथा वेगळी नाही. 2008 मध्ये तिला बसवलेला सहा गिअरचा डबा ऑस्ट्रेलियातल्या डीएसआय कंपनीचा होता. ती 2009 मध्ये अडचणीत आली आणि चीनच्या गिलीने विकत घेतली. म्हणजे बोनेटवर एक नाव, आत दुसऱ्याचं यंत्र, आणि त्या दुसऱ्याचं घर मध्येच विकलं गेलेलं. गाडी तिसऱ्या मालकाच्या दारात पुसदला किंवा उमरखेडला उभी असते तेव्हा हा वंशवेल कुणाला ठाऊक असणार? पण निदान तिथूनच सुरू होतं, कारण प्रत्येक डब्याचं तेल वेगळं. 'ऑटोमॅटिकचं लाल तेल' नावाची एकच वस्तू असते असं समजून मिळेल ते तेल आत ओतलं, की धडधाकट गिअरबॉक्ससुद्धा झटके द्यायला लागतो आणि मग त्या झटक्यांवरून तो 'गेला' असं ठरतं.

रेक्स्टनच्या मालकाची नेहमीची तक्रार अशी. गाडी बरी चालत असते, अचानक जड होते, थांबवून पुन्हा निघावं तर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली. इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. बंद करून पुन्हा चालू केली की काही किलोमीटर जणू काही झालंच नव्हतं. ऐकणारा म्हणतो, क्लच प्लेटा संपल्या. इथे जरा थांबून विचार करावा. घासून झिजलेलं अस्तर चावी फिरवल्याने परत उगवत नाही. चावी फिरवून बरं होणारं दुखणं बहुतेक वेळा विजेचं असतं. गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाला आतून येणारी माहिती पटली नाही की तो जोखीम घेत नाही, मागचा गिअर आणि दुसरा एवढंच शिल्लक ठेवतो, म्हणजे गाडी कशीबशी घरी पोचावी. याला लिंप मोड म्हणतात. हे डब्याने स्वतःला वाचवणं आहे, आणि आपण त्यालाच मरण समजतो.

माहिती चुकते कुठे, हे बघायला हा डबा खोलावा लागत नाही. त्याच्या बाजूला 13 पिनांचा एक प्लग आहे, साधारण अंगठ्याएवढ्या जाडीचा, प्लॅस्टिकचा, फिरवून निघणारा. आतल्या तारा बाहेरच्या तारांना इथे भेटतात. त्याला दोन रबरी ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून त्या कडक होतात, बांगडीसारख्या, नखाने दाबलं तर दबत नाहीत. मग तेल बाहेर येतं. थोडं चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलपात्राच्या, कडेवर उतरून टपकतं आणि बघणारा म्हणतो, चेंबरचं पॅकिंग गेलं. पॅकिंग बदललं जातं, लीकेज तसंच राहतं, कारण ते चेंबरचं नव्हतंच. उरलेलं तेल त्याहून कावेबाज वाट धरतं. समईच्या वातीत तेल चढावं तसं ते तारेच्या आतल्या बारीक धाग्यांमधून चढत जातं, थेट कंट्रोल युनिटच्या, म्हणजे त्याच संगणकाच्या, प्लगपर्यंत. तो प्लग ओढून काढला आणि आत लाल ओलावा दिसला, की त्या गाडीच्या अर्ध्या लहरींचा उलगडा होतो. दुसरी जागा चेंबरच्या वर बसलेल्या तारांच्या प्लेटची. तिच्यात वेग मोजणारे दोन सेन्सर आहेत. एकानेही दांडी मारली की हिशोब जुळत नाही आणि संगणक दुसऱ्या गिअरचं दार लावून घेतो. प्लेट बदलायला चेंबर उतरवावं लागतं. गिअरबॉक्स मात्र गाडीखालीच राहतो.

यावर सहज येणारा आक्षेप असा, की आता तालुक्यातही स्कॅनर पोचलेत, कोड दिसतो, मग नाक आणि कागद कशाला? स्कॅनर हवाच. पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पी 0730 हा कोड सांगतो की गिअरचं प्रमाण जुळत नाही. ते क्लच घसरल्याने जुळत नसेल, किंवा क्लच ठणठणीत असून सेन्सर खोटं बोलत असेल. कोड दोन्हीला तोच. बॅटरी अशक्त असली तरी असे कोड साठतात, म्हणून व्होल्टेज आधी बघायचं, ज्याला मिनिटभरही लागत नाही. कोड वाचून तो पार्ट मागवणं हे निदान नव्हे, ती फक्त यादी वाचणं झालं. खरं तर स्कॅनरने एक नवाच आळस शिकवलाय: पडद्यावर काही उमटलं की डोळे गाडीकडे जात नाहीत.

स्कॅनर नीट वापरायचा तर तेलाची पातळी मोजताना वापरावा, आणि इथे 80 अंशांचा प्रश्न येतो. 722.6 ला तेल भरायची नळी आहे, पण नळीत कायमची पट्टी नाही. मोजायची पट्टी गॅरेजने बाळगायची. तिच्यावर 25 अंशांच्या आणि 80 अंशांच्या खुणा आहेत. खरी मोजणी 80 वर, कारण तेल तापलं की फुगतं. थंड असताना 80 ची खूण गाठायला गेलात तर भरमसाठ भरलं जाणार, मग फिरत्या भागांना लागून ते फेसाळणार, आणि फेस दाब धरत नाही. गंमत पुढे आहे. पार्क आणि न्यूट्रलमध्ये या डब्यातल्या तेलाचं तापमान स्कॅनरला दिसतच नाही, कारण तापमानाचा सेन्सर ज्या तारेवर आहे तीच तार त्या दोन जागी तुटलेली असते. पडद्यावर दिसतो तो इंजिनच्या पाण्यावरून धरलेला आकडा. म्हणून ब्रेकवर पाय ठेवून डीमध्ये टाकायचं, आकडा वाचायचा, 80 नसेल तर गाडी फिरवून आणायची, पुन्हा वाचायचं, मग पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून पट्टी बुडवायची. घाईच्या दिवशी यात तास जातो. ज्याला तासाचे पैसे मिळत नाहीत तो 80 ची वाट बघत नाही. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. मला तो हिशोबी वाटतो.

तेलाबद्दलची दुसरी समजूत जास्त चिवट आहे: जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो. ही अडाण्यांची गोष्ट म्हणून झटकता येत नाही, कारण असं घडलेलं लोकांनी पाहिलंय. पण घडतं कुणाचं, ते बघा. दीड लाख किलोमीटर तेलाला हात न लावणारा मालक ते बदलतो कधी, तर गाडी घसरायला लागल्यावर. म्हणजे मरणाला टेकलेल्यांनाच हे औषध दिलं जातं आणि दोष औषधाच्या माथी येतो. काही कंपन्यांनी 'हे तेल आयुष्यभराचं' असं सांगून ठेवलं, पण आयुष्य कुणाचं, पहिल्या मालकाचं की गाडीचं, ते सांगितलं नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी आपल्या डब्यांसाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षं असा सल्ला देते. इथेही 80 च. योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. एवढं मात्र खरं, की कागदावरचा डाग काळा आणि वास करपट असेल तर नुसतं तेल बदलून पैसे घेऊ नयेत, आणि घेतलेच तर काय होऊ शकतं ते आधी सांगावं.

आणि यवतमाळ जिल्हा तेलाला सोपा नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो: दोन पंखे समोरासमोर, मध्ये तेल, एकाने तेल फेकायचं आणि दुसऱ्याने त्या माराने फिरायचं. गाडीने वेग धरला की दोघं एकमेकांना जखडले जातात. रांगत्या वेगात मात्र ते सुटे राहतात आणि दोघांच्या फिरण्यातला फरक सगळा उष्णता होऊन तेलात जातो. वणीकडे मे महिन्यात कोळशाच्या ट्रकांमागे, एसी लावून, पारा 44-45 वर असताना. किंवा हंगामात बाजार समितीच्या वाटेवर कापसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे तास-तास. हे नागपूर महामार्गावरचे किलोमीटर नव्हेत, मीटरवर दिसायला सारखेच असले तरी. त्यात पावसाळ्यात शेतरस्त्याला उडालेला काळ्या मातीचा चिखल तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत वाळून विटेसारखा बसतो आणि हवा जायची वाट बंद करतो. ती जाळी पाण्याने हलक्या हाताने धुणं ही या जिल्ह्यातली गिअरबॉक्सची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती असावी. तिलाही बिलात ओळ नाही.

खरोखर गेलेले गिअरबॉक्स असतात, आणि ते लपवून उपयोग नाही. दुधाळ गुलाबी डाग म्हणजे रेडिएटरच्या आत कूलरची भिंत फुटून पाणी नि कूलंट तेलात शिरलंय. अस्तराचा गोंद त्याने सुटतो, आणि उशीर झाला असेल तर खोलण्यावाचून इलाज नाही. चेंबरच्या तळाशी बारीक राखाडी पेस्ट असणं वयाला धरून आहे, चुंबकं तिच्यासाठीच असतात. पण तिथे चमकते धातूचे तुकडे सापडले तर पुढची भाषा बदलते. अशी गाडी टोइंगवर दीडशे किलोमीटर नागपूरला जाणं रास्त आहे. माझा आक्षेप सगळ्याच गाड्यांना त्या रांगेत उभं करण्याला आहे. त्यातही भंगारातला दुसरा डबा बसवून देण्याची जी सोपी वाट आहे ती सगळ्यात फसवी. तेल प्यायलेल्या तारा आणि ओलं कंट्रोल युनिट तसंच ठेवून नवा डबा लावला, तर महिन्याभरात गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये अडकते, आणि मग मालक ठरवतो की ऑटोमॅटिक गाडीच वाईट.

कुणी म्हणेल, बारा वर्षांच्या गाडीवर एवढं डोकं कशाला लावायचं? कारण खासगी गाडीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते. 2013 मध्ये नोंदलेली रेक्स्टन 2028 पर्यंत रस्त्यावर हक्काने आहे, आणि नूतनीकरण झालं तर पुढेही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: बघायचे पैसे देऊ केले म्हणून मिस्त्री प्रामाणिक होईल कशावरून? होणार नाही. पण आज "काही गेलं नाही, प्लग बदलू" असं सांगणारा स्वतःच्या खिशातून सांगतो. डॉक्टरला आपण नाडी बघायचे पैसे देतो. "काही झालेलं नाही" ऐकून फी परत मागत नाही. गॅरेजात मात्र जुना पार्ट मागून घ्यायची रीत आहे, काम झाल्याचा पुरावा म्हणून, डिकीत टाकून नेण्यासाठी. मोठ्या कामाचा जुना पार्ट जड असतो, बिल पटतं. इथे मालकाच्या हातात येतो तो तेलकट प्लग आणि दोन कडक रिंगा, मुठीत मावतील एवढ्या.

प्लग बदलल्यावरही काम संपत नाही. तारेच्या धाग्यांमध्ये आधीच चढलेलं तेल काही आठवडे वर येतच राहतं. म्हणून महिन्याभराने गाडी आणायची, कंट्रोल युनिटचा प्लग काढून पुसायचा, कागदाचा कपटा आत लावून बघायचा. पाच मिनिटांचं काम. गाडी नीट चालत असते, त्यामुळे मालक येत नाही, आणि मिस्त्री फोन करत नाही, कारण "आता कशाचे पैसे?" हे त्याला आधीच ऐकू येतं.