पाहुण्याच्या हाती काम द्या, पण हिशेब आपल्या हाती ठेवा
ऐतिहासिक स्थळांवरील हस्तकला आणि कारागिराची कमाई

रांजणगाव हे पुणे-नगर रस्त्यावरचे गाव. महागणपतीचे देवस्थान असल्याने तेथे वर्षभर माणसांची ये-जा असते. याच रस्त्याने पुढे शिरूर, नगर ओलांडून वेरूळ-दौलताबाद पाहायला जाणारे प्रवासीही जातात. दुकानात वस्तू मांडून ठेवल्या तर गिऱ्हाईक त्या हातात घेते, भाव विचारते आणि निघून जाते, ही या रस्त्यावरच्या अनेक व्यावसायिकांची तक्रार आहे. वस्तू गुजरातेतून आली की आपल्या कारागिराने केली, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून वस्तू विकण्याबरोबर ती करण्याचा अनुभवही विकावा, असा विचार आता पुढे येत आहे. पाहुण्याने स्वतः बसून थोडे काम करायचे आणि केलेली वस्तू घेऊन जायचे. यात कारागिराचा फायदा कितपत, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

कागझीपुऱ्याचे उदाहरण

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागझीपुरा नावाचे गाव आहे. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे दौलताबादी आणि जुन्नरी कागदाला दख्खनच्या दफ्तरांत मोठे नाव मिळाले. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याने हातकागदाला पुन्हा आधार दिला. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली.

कागद करण्याची रीत साधी आहे. सुती चिंध्या बारीक कापून, भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात. हा लगदा पाण्याच्या हौदात मिसळतात. कारागीर चौकटीवर बसविलेली चाळणी हौदात बुडवतो आणि सपाट वर उचलतो. पाणी खाली गळते, तंतू वर राहतात. तो ओला ताव कापडावर उलटा पाडतात. असे ताव एकावर एक रचून दाबतात, मग वाळवतात. शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटतात. खळ लावून घोटल्यामुळे शाई पसरत नाही.

पाहुण्याला यातले कोणते काम द्यावे? चिंध्या कुटण्यात वेळ जातो आणि घोटायला सरावलेला हात लागतो. ताव उचलायला मात्र एखादे मिनिट पुरते आणि तेवढ्यात पाहुण्याला गंमतही वाटते. मुख्य गोष्ट म्हणजे ताव बिघडला तर लगदा पुन्हा हौदात जातो. कारागिराचे काही बुडत नाही.

प्रत्येक हुन्नर वेगळा

हाच नियम सगळीकडे लावता येत नाही. औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हिमरू घ्या. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून तो विणतात. शिकाऊ हाताने एक फेर चुकीचा टाकला तर नक्षी बिघडते आणि उसवण्यात वेळ जातो. म्हणून मोठा माग केवळ दाखवावा आणि पाहुण्यासाठी लहान माग वेगळा मांडावा.

बीदरच्या बिदरी कामात जस्त आणि थोडे तांबे वितळवून भांडे ओततात. त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्याच्या जुन्या भागातील माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांडे काळे करतात. चांदी पांढरीच राहते. येथे वितळलेला धातू पाहुण्याजवळ येता कामा नये. त्याला टाकाऊ तुकड्यावर छिन्नी चालवू द्यावी. काळे करण्याचे काम उस्तादानेच त्याच्यासमोर करावे.

तेव्हा प्रत्येक कारागिराने आपल्या कामाचे टप्पे कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न घालावेत. किती वेळ लागतो? बिघडले तर काय नुकसान? इजा होण्याचा धोका आहे का? वेळ थोडा, नुकसान नाही आणि धोका नाही, असा टप्पाच पाहुण्याला द्यावा. आपल्या समाजात पटवेकरी, मन्यार, पिंजारी, अत्तार, शिकलगार असे अनेक हुन्नर आहेत. पटवेकऱ्याला गोंडा बांधायला शिकवता येईल. लाखेची बांगडी करणाऱ्या मन्याराने तापवण्याचे काम स्वतःकडे ठेवून पाहुण्याला टिकल्या बसवायला द्याव्यात.

हिशेब असा करा

आकडे समजुतीसाठी धरले आहेत. माणशी रु. १५० घेतले, तर त्यातून सामानाचे रु. १० आणि गिऱ्हाईक आणणाऱ्या मार्गदर्शकाचे १५ टक्के, म्हणजे रु. २२.५० जातात. उरतात रु. ११७.५०. आता ठरलेला खर्च पाहू. मदतनीस रु. २५०, जागा व पाणी रु. ९०. शिवाय त्या सव्वा तासात आपले रोजचे काम बंद राहते. त्याचे रु. १०० धरा. हा शेवटचा आकडा बहुतेक कारागीर धरीतच नाहीत आणि तेथेच फसतात. एकूण रु. ४४० झाले.

आठ पाहुणे असतील तर रु. ९४० येतात आणि रु. ५०० शिल्लक राहतात. तीनच असतील तर रु. ३५२.५० येतात, म्हणजे रु. ८७.५० पदरचे जातात. चार पाहुण्यांना रु. ३० उरतात. म्हणून निदान चार जणांचे पैसे आल्याशिवाय बैठक मांडू नये. मार्गदर्शकाने १५ ऐवजी ४० टक्के मागितले तर माणशी रु. ८० च उरतात आणि चाराऐवजी सहा पाहुणे लागतात. दलालीचा दर आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

कायदा आणि सवलती

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली ही दुरुस्ती झाली. दौलताबाद किल्ल्यासारख्या ठिकाणी शेड घालण्यापूर्वी याची चौकशी करावी, नाहीतर भांडवल बुडेल. गावात जागेसाठी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी.

विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडून कारागिराचे ओळखपत्र मिळते. सरकारी प्रदर्शनांत त्याचा उपयोग होतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत कुंभार, लोहार, सुतार, शिंपी, खेळणी करणारे येतात. कागद करणारे आणि विणकर त्या यादीत नाहीत. त्यांनी हातकागदासाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आणि मागासाठी हातमाग विभागाकडे जावे. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दररोज रु. ५०० आणि अवजारांसाठी रु. १५,००० पर्यंत मदत आहे. कर्जाचा भाग वेगळा असून त्यावर ५ टक्के व्याज आहे. कर्ज घेणे बंधनकारक नाही. ज्यांना व्याजी व्यवहार नको, त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारे एवढ्यावरच थांबावे.

एक इशारा

पाहुण्याने स्वतः ताव उचलला की त्याला हातकागद ओळखता येऊ लागतो. त्याच दुकानात यंत्राचा कागद हातकागद म्हणून विकाल तर तो लगेच पकडेल आणि चार जणांना सांगेल. दोन्ही माल ठेवायचा असेल तर दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवा आणि तशी पाटी लावा. इमानदारीने विकलेला माल उशिरा खपेल, पण गिऱ्हाईक परत येईल.

शेवटी आमचे सांगणे एवढेच. घरातला हुन्नर मुलाने सोडला, याचा दोष अनेक जण मुलाला देतात. त्यात पोट भरत नाही हे त्याने पाहिलेले असते. आठवड्यातून एक-दोन बैठका नीट चालल्या आणि त्यांचा हिशेब मुलानेच वहीत लिहिला, तर बापाच्या हाताची किंमत त्याला आकड्यांत दिसेल. सुरुवात लहान करा, एका रविवारपासून. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.