शब्दांचे चालते अर्थ

इंग्लंडमधील एका रुग्णालयात भारतातून नुकतीच गेलेली एक परिचारिका काम करीत आहे, अशी कल्पना करावी. खाटेवरील वृद्ध क्षीण स्वरात म्हणतो, "आय फील पुअरली." 'पुअर' म्हणजे गरीब, एवढेच ती शाळेत शिकलेली असते. म्हातारा आपल्या दारिद्र्याची कहाणी सांगत आहे, असे तिला वाटले तर केवढा अनर्थ ओढवेल! कारण तेथील बोलण्यात 'पुअरली' म्हणजे आजारी, आणि 'व्हेरी पुअरली' म्हणजे प्रकृती चिंताजनक. शेजारची आजीबाई संकोचाने सांगते की, तिला 'एक पेनी खर्च करावयाची' आहे. पूर्वी तेथील सार्वजनिक शौचगृहांत एक पेनीचे नाणे टाकावे लागे. त्यावरून शौचास जाण्याला हा सभ्य शब्दप्रयोग रूढ झाला. आजीबाईंना पैसा नको असतो, आधाराचा हात हवा असतो.

शब्दाचा एक अर्थ कोशात असतो व दुसरा लोकांच्या तोंडी. 'मल्लाने प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजले,' हे वाक्य वाचून परभाषी मनुष्य मल्लाच्या दयाळूपणाची स्तुती करील! इंग्रजीचेही तसेच आहे. उत्तर इंग्लंडमधील कित्येक घरांत 'टी' म्हणजे नुसता चहा नव्हे, तर संध्याकाळचे जेवण. पौंडाला 'क्विड' म्हणतात. 'चिअर्स' म्हणजे बहुधा 'आभारी आहे', आणि 'नॉट बॅड' ही पुष्कळदा चांगली शाबासकी असते.

लंडनच्या पूर्व भागातील कष्टकऱ्यांनी तर यमकांची एक गमतीदार बोलीच निर्माण केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती प्रचारात होती. 'हेड' म्हणजे डोके. त्याच्याशी 'ब्रेड' जुळतो, म्हणून डोक्याला 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणजे पावाचा लादा, म्हणू लागले. पुढे यमकाचा शब्दच गळाला व नुसता 'लोफ' उरला. आज 'यूज युअर लोफ' म्हणजे 'जरा डोके चालव' हे इंग्लंडमध्ये सर्वांना समजते.

अशाच एका शब्दाचे मूळ महाराष्ट्रात आहे. वेड लागलेल्या मनुष्याला इंग्रज 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळचे देवळाली होय! 1861 साली तेथे ब्रिटिश सैन्याची छावणी उभारण्यात आली. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे केवळ हिवाळ्याच्या सुमारास सुटत. त्यामुळे कित्येकांना महिनेच्या महिने उन्हात रिकामे बसावे लागे. घराची ओढ आणि हाताला काम नाही, अशा स्थितीत काहींचे चित्त ठिकाणावर राहत नसे. त्या अवस्थेला सैनिकांनी आपल्या 'ताप' या शब्दाची जोड देऊन 'डूलॅली टॅप' असे नाव दिले. हसत उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दामागे घरापासून दुरावलेल्या माणसांचे दुःख दडलेले आहे.

बोलीतील शब्द समजून घ्यावेत. मात्र ते वापरताना स्थळ, काळ व समोरची व्यक्ती यांचे भान ठेवावे. मित्रांत शोभणारा शब्द गुरुजनांपुढे शोभतोच असे नाही. आणि अर्थ कळला नाही तर विचारण्यात कमीपणा मानू नये. त्या परिचारिकेने वृद्धाच्या कपाळावर हात ठेवून, "आपणास काय होते आहे?" एवढेच विचारले, तर कोशात न सापडणारा अर्थ तिला तत्काळ उमगेल.