एका छताखाली वाटाणा आणि फरसबी

इंग्लंडमध्ये अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारी जमिनीची पट्टी, घेतली की दोन-तीन पावसाळी उन्हाळे पाहून झाल्यावर पॉलिटनेलचा विचार डोक्यात येतोच. लोखंडी नळ्यांच्या कमानी, त्यांवर ताणून बसवलेलं जाड प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना दारं, एवढाच हा बोगदा. आत हीटर नाही, पंखा नाही. ऊन आत येतं, वारा-पाऊस बाहेर राहतो. तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब बोगद्यातही वेलाचा वाटाणा आणि वेलाची फरसबी घरापुरती सहज होते.

मात्र एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. हे दोन वेल एकाच कुळातले असले तरी त्यांचे स्वभाव उलटे आहेत. वाटाण्याला गारवा मानवतो. उकाडा वाढला की त्याची फुलं गळतात. फरसबीला ऊब लागते. थंड, ओल्या मातीत तिचं बी उगवण्याआधीच कुजतं. म्हणून दोघांना एकाच छताखाली, पण पाळीपाळीने जागा द्यायची. वर्षाचा आधीचा भाग वाटाण्याचा, नंतरचा फरसबीचा. बोगद्यातल्या बहुतेक फजित्या ही पाळी चुकल्यामुळेच होतात.

पहिलं काम बी निवडण्याचं. पाकिटावर जात बुटकी आहे की वेलाची, ते नीट वाचावं. बोगद्यातली जमीन थोडी आणि उंची भरपूर, त्यामुळे इथे वेलाचीच जात परवडते. वाटाण्यात ‘एल्डरमन’ आणि सालीसकट खायची ‘शुगर स्नॅप’ माणसाच्या उंचीच्या आसपास जातात. फरसबीत ‘कोब्रा’ आणि ‘ब्लू लेक’ या भरवशाच्या.

इथेच मी पहिल्या वर्षी फसलो. आजूबाजूच्या प्रत्येक पट्टीत लाल फुलांचा, रुंद खरबरीत शेंगांचा रनर बीन दिसायचा, म्हणून मीही तोच बोगद्यात लावला. जुलैत वेल छताला टेकले, फुलांनी लाल झाले आणि शेंगा मिळाल्या बोटांवर मोजण्याइतक्या. रनर बीनचं फूल फळायला केसाळ भुंग्यांची भेट लागते. शिवाय हा वेल मूळचा मेक्सिकोकडच्या थंड डोंगराळ भागातला, त्याला कोंदट उकाडा सोसत नाही. फरसबी आणि वाटाणा यांची फुलं मात्र उमलता उमलता आपल्याच परागांनी फळतात. भुंगा आला नाही तरी त्यांचं अडत नाही. रनर बीन बाहेर मोकळ्यावरच बरा.

मग माती. वाफ्यावर कुजलेल्या कंपोस्टचा दोन बोटं थर पसरावा, बस. ताजं शेणखत किंवा नत्राचं खत घालू नये. या वेलांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र वेलाला मिळवून देतात. वरून आणखी नत्र दिलं की वेल पानांनीच माजतो, शेंगांचं नाव काढत नाही.

आता आधार. वाटाणा पकडतो आणि फरसबी गुंडाळते, हा फरक ध्यानात ठेवला की पुढचं सोपं जातं. वाटाण्याच्या पानाच्या टोकाला कुरळे धागे येतात, त्यांना तणावे म्हणतात. ते बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतात. अंगठ्याएवढा जाड बांबू त्यांच्या कवेत मावत नाही. म्हणून वाटाण्याला जाळी किंवा बारीक काटक्यांच्या फांद्या द्याव्यात.

फरसबीचं अख्खं खोडच आधाराभोवती फिरत वर चढतं. तिला बांबू चालतो, सुतळीही चालते. शेंडा हवेत गोल फिरत आधार शोधतो. चार्ल्स डार्विनने वेलींचा अभ्यास करताना ही फेरी वेळ लावून मोजली होती, ती साधारण दोन तासांची भरली. आपण घरी जाऊन जेवून येईपर्यंत शेंडा दुसऱ्याच दिशेला वळलेला असतो. वरून पाहिलं तर तो नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरतो. भरकटलेला वेल हाताने सुतळीवर घालताना हीच दिशा ठेवावी. उलटा गुंडाळला तर तो सुटून पुन्हा लोंबकळतो.

सुतळी वर कशाला बांधायची, हे लावणीआधीच ठरवावं. शेंगांनी लगडलेल्या वेलांचं वजन बरंच होतं. दोन कमानींमध्ये आडवी नळी किंवा जाड तार बसवून तिलाच सुतळ्या बांधाव्यात. बोगदा पूर्व-पश्चिम असेल तर हे उंच वेल उत्तरेच्या बाजूला लावावेत, म्हणजे त्यांची सावली इतर भाज्यांवर पडत नाही.

वाटाण्याची पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. कणखर गोल बियांची जात असेल तर ऑक्टोबरअखेरीसही पेरता येतं. रोपं बोगद्यात हिवाळा काढतात. बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल आणि दोन बियांत पाच-सात सेंटिमीटर अंतर पुरतं.

इथला मोठा शत्रू उंदीर. बाहेर थंडी, आत कोरडी ऊब आणि मातीत ओळीने मांडलेले भिजलेले वाटाणे म्हटल्यावर त्याला पंगतीचं आमंत्रणच. सकाळी जावं तर बी पेरलं त्या प्रत्येक जागी एक छोटासा खड्डा आणि शेजारी वाटाण्याची टरफलं. यावर चांगला उपाय पन्हळीचा. छपराच्या पाण्यासाठी मिळते ती प्लास्टिकची पन्हळ कंपोस्टने भरावी, तिच्यात बी पेरावं आणि दोन्ही टोकांना दोरी बांधून ती कमानीला टांगावी. रोपं सात-आठ सेंटिमीटरची झाली की वाफ्यात तेवढाच चर काढून अख्खी ओळ त्यात सरकवून द्यावी. तोवर बियांतला दाणा संपत आलेला असतो आणि उंदराचा रसही.

फरसबीची घाई करू नये. माती निदान बारा अंश सेल्सियस असल्याशिवाय बी थेट पेरू नये. त्यापेक्षा एप्रिलच्या मध्यावर घरातल्या खिडकीत खोल कुंड्यांमध्ये पाच सेंटिमीटर खोल बी टोचावं. पेरताना एकदा पाणी द्यावं आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. बी न उगवण्याचं कारण बहुधा जास्तीचं पाणीच असतं.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात रोपं वाफ्यात हलवावीत, दोन रोपांत पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवून. सुतळीचं खालचं टोक मुळांच्या गोळ्याखाली गाडलं की वेगळी खुंटी लागत नाही. सुतळी थोडी सैल ठेवावी. बिनहीटरचा बोगदा रात्री बाहेरपेक्षा फार उबदार नसतो, हे अनेकांना माहीत नसतं. मेमध्येही एखादी रात्र गोठवणारी निघते. तसा अंदाज असला तर रोपांवर जुनी चादर टाकून ठेवावी.

वाटाणा मेअखेर ते जूनमध्ये उतरतो. जाळीच्या पायथ्याशी महिनाभर आधी फरसबी लावली तरी चालते. वाटाणा काढेपर्यंत ती गुडघ्याएवढी होते आणि रिकामी जागा धरते.

आता दारं. बोगद्यात पीक थंडीने मरतं त्याहून जास्त उकाड्याने वाया जातं. एप्रिलमध्ये बाहेर स्वेटर घालावा लागत असतो, पण सकाळचं स्वच्छ ऊन पडलं की बंद बोगदा अकरा वाजेपर्यंत तिशी ओलांडतो. म्हणून कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक वेलांच्या उंचीवर, सावलीत टांगावा. ऊन दिसलं की कामावर जाण्याआधी दोन्ही दारं उघडावीत. एकच उघडलं तर वारा आरपार जात नाही. उन्हाळ्यात ती रात्रीही उघडी राहिली तरी हरकत नाही.

पाणी आपणच द्यायचं, कारण पाऊस आत येत नाही. फुलं येऊ लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नये. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावं. पानं रात्रभर ओली राहिली तर करडी बुरशी येते. उलट मुळं तहानलेली राहिली तर वाटाण्याच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी पडते.

फरसबीचा शेंडा छताजवळ पोचला की खुडावा. फरसबीवरची नेहमीची कीड म्हणजे लाल कोळी. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले तर पान उलटून पाहावं. खालून बारीक जाळं असेल तर कोळी आलाच. त्याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून तापलेल्या दिवशी वाटेवर पाणी शिंपडावं. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला तर तो बोटांनी चिरडावा किंवा शेंडाच काढून टाकावा.

तोडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी. एक शेंग जरी वेलावर जून झाली तरी आपलं बी तयार झालं असं वेल धरतो आणि फुलं आवरती घेतो. सुटीवर जाणार असाल तर शेजाऱ्याला शेंगा तोडून न्यायला सांगावं. त्यात त्याचाही फायदा आणि वेलाचाही. फरसबीचे वाळलेले दाणे उसळीला ठेवले तर ते राजम्याचेच भाऊबंद, हे विसरू नये. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते खाऊ नयेत. कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं विष असतं आणि ते मंद आचेवर जात नाही.

आता वालाबद्दल, कारण मराठी माळी ते विचारल्याशिवाय राहत नाही. बिरड्याच्या आठवणीने वाल बोगद्यात लावला तर तो उन्हाळाभर नुसता वाढतो, कारण त्याच्या बहुतेक जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. मुंबईत वर्षातला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर लंडनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा. वाल सप्टेंबरची वाट पाहत राहतो आणि फुलतो तेव्हा थंडी दाराशी आलेली असते. बोगद्यामुळे काही आठवडे जास्त मिळतात, पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणून लवकर फुलणारी जात इथल्याच बियाणे विक्रेत्यांकडून घ्यावी. भारतातून बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय बी सामानात घालून आणू नये.

ऑक्टोबरात वेल पिवळे पडले की ते उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. मुळं मातीतच कुजू द्यावीत. एखादं मूळ उकरून गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी दिसलं तर जिवाणू कामावर होते. पुढचा वाटाणा दुसऱ्या बाजूच्या वाफ्यात घ्यावा, म्हणजे मातीतले रोग साचत नाहीत.

सुतळी मात्र पहिल्यापासून तागाचीच घ्यावी, नायलॉनची नको. वाळलेला वेल नायलॉनवरून सोडवण्यात अख्खी दुपार जाते, आणि तेही बोटं गारठलेली असताना. तागाची सुतळी वेलासकट कापून सरळ कंपोस्टच्या ढिगावर टाकता येते.