दोन धातूंचा एक थर

एकाच द्रावणातून दोन धातू, एकाच वेळी आणि ठरलेल्या प्रमाणात वस्तूवर बसवणे म्हणजे मिश्रधातूचा विद्युत मुलामा. दिल्लीलगतच्या फरिदाबाद, गुरुग्राम, मानेसर या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथल्या प्लेटिंगवाल्यांकडे साध्या जस्ताच्या जोडीने आता जस्त-निकेलच्या मुलाम्यालाही मागणी आहे.

मुख्य अडचण विभवाची: ज्या धातूचे विभव जास्त, तो आधी बसतो. तांब्याचे प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट, जस्ताचे −०.७६. दोघांचे साधे क्षार एकत्र विरघळवून प्रवाह सोडला, तर आधी तांबेच बसते, पितळ मिळत नाही. द्रावणात सायनाइड घातले की ते दोन्ही धातूंच्या आयनांना बांधून ठेवते, पण तांब्याला जास्त घट्ट. त्यामुळे तांब्याचे विभव व्होल्टाहून अधिक खाली उतरते आणि १.१ व्होल्टांचे अंतर ०.२ च्या आसपास येते. मग पितळेचा पिवळा थर चढतो. टायरमधल्या पोलादी तारेला रबर घट्ट धरते ते पितळी थरामुळेच.

जस्त-निकेलचे वागणे मात्र उफराटे आहे. निकेलचे विभव −०.२५, म्हणजे आधी बसायला हवे ते निकेल. आम्लीय द्रावणात प्रत्यक्षात जस्तच पुढे घुसते. ॲबनर ब्रेनर यांनी १९६३ च्या ग्रंथात या प्रकाराला ‘विसंगत सहनिक्षेपण’ म्हटले. त्याचे एक स्पष्टीकरण असे: ऋणाग्रावर हायड्रोजन सुटल्याने तिथले द्रावण अल्कधर्मी होते, पृष्ठावर जस्ताचे हायड्रॉक्साइड जमते आणि निकेलची वाट अडते. या एका कारणाने सगळी निरीक्षणे उलगडत नाहीत, म्हणून चर्चा अजून चालू आहे.

थरात १२ ते १५ टक्के निकेल असले की गंजाला उत्तम विरोध होतो, कारण या प्रमाणात गॅमा नावाची एकच स्फटिकरचना तयार होते. असा थर लोखंडाआधी स्वतः झिजतो, पण शुद्ध जस्तापेक्षा पुष्कळ सावकाश. निकेल फार वाढले तर हा त्यागी गुणच जातो. मग एखादा ओरखडाही खालचे लोखंड गंजायला पुरतो. म्हणून या धंद्यात चकाकीपेक्षा प्रमाण सांभाळणे महत्त्वाचे.

ते सांभाळताना हल सेल कामी येतो. २६७ मिलिलिटरच्या या छोट्या टाकीत ऋणाग्राची पत्री तिरकी असते. जवळच्या टोकाला प्रवाह दाट, दूरच्या टोकाला विरळ. काही मिनिटांत एकाच पत्रीवर जळकट, चकचकीत आणि मंद असे पट्टे उमटतात. निकेलचे नेमके प्रमाण क्ष-किरण प्रतिदीप्तीने मोजतात. त्यात दिल्लीचा उन्हाळा आहेच: जस्त-निकेलचा अल्कधर्मी बाथ, म्हणजे मुलाम्याचे द्रावण, साधारण पंचवीस अंशांवर नीट चालतो, म्हणून चिलर लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषल्याने साचलेला सोडियम कार्बोनेटही द्रावण थंड करून, स्फटिक पाडून काढतात.

खरी कसोटी सांडपाण्याची आहे, आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. निकेलला द्रावणात धरून ठेवणारी अमाइन्स धुण्याच्या पाण्यातही त्याला सोडत नाहीत. नुसता चुना टाकून ते निकेल पुरेसे खाली बसत नाही. त्यासाठी सेंद्रिय गंधक संयुगे वापरावी लागतात. शिवाय निकेलच्या धनाग्रावर ही अमाइन्स ऑक्सिडीकृत होऊन थोडे सायनाइड तयार होते, म्हणजे सायनाइडरहित म्हणून घेतलेल्या बाथमध्येही ते उगवते. धनाग्राभोवती पडदा बसवून द्रावण वेगळे ठेवले की हे बरेच टळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात दिल्लीतले वझीरपूर, नारायणा, आनंद पर्बत आणि ओखला धरून नजफगढ नाल्याचे खोरे ‘अतिगंभीर’ वर्गात आले. फरिदाबाद, नोएडा आणि गाझियाबादही त्याच यादीत होते. प्लेटिंगच्या सांडपाण्याला निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, सायनाइडची ०.२. सामुदायिक प्रक्रिया केंद्रात सगळे पाणी एकत्र आले की अमाइन्सनी बांधलेले निकेल इतर धातूंबरोबर खाली बसत नाही. त्यामुळे जस्त-निकेलच्या टाकीचे धुण्याचे पाणी कारखान्यातच वेगळ्या नळीने काढून, वेगळे शुद्ध करावे लागते. छोट्या कारखान्यांना हा खर्च जड जातो, तरी तो मुलाम्याच्या दरातच धरायला हवा.